अंडी थांबली म्हणून कोंबडी विकू नका

(तालुका मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आपण तासन्‌तास बोलतो. आज दहा मिनिटे परसातल्या कोंबडीवर बोलू. हसू नका. कापसाचा पैसा सोसायटी आणि कृषी केंद्राच्या उधारीत जातो. अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हातात राहतो, मीठमिरची त्यातून होते.

दरवर्षी आम्ही एकच तक्रार ऐकतो. वेचणी भरात येते आणि अंडी थांबतात. दृष्ट लागली म्हणतात. नेमका तेव्हाच व्यापारी दारात येतो आणि 'नुसती खाते' म्हणून चांगली कोंबडी पडत्या भावात त्याच्या डाल्यात जाते.

कोंबडीचे बहुधा काहीच बिघडलेले नसते. दिवस लहान झालेला असतो. विदर्भात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम ११ तासांचा. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही, तो कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो. दिवस वाढू लागला की अंडाशय कामाला लागते, आखूड झाला की विसावते. याच सुमारास जुनी पिसे झडून नवी येतात. तेवढ्याच दाण्यात पीसही आणि अंडेही कसे व्हावे? संक्रांतीनंतर दिवस वाढतो, तशी ती पुन्हा अंड्यावर येते. म्हणजे व्यापारी नेतो ती निकामी कोंबडी नव्हे, फाल्गुनात अंडी देणारी कोंबडी. अडचणीत माल विकायचा आणि मग भाव चढलेला पाहायचा, हे आपण कापसात भोगतोच.

मग खुराड्यात रात्रभर दिवा लावावा का? मुळीच नाही. पोल्ट्रीवाला अंड्यांसाठी १६ तास उजेड देतो, पण उरलेले ८ तास अंधारच ठेवतो. कोंबडीलाही झोप लागते. ती एक डोळा मिटून अर्धा मेंदू निजवते आणि दुसऱ्या डोळ्याने बोका-मुंगसावर पाळत ठेवते. सतत उजेड असला की कोंबड्या चिडतात, एकमेकींची पिसे उपटतात.

ग्रामप्रियासारख्या सुधारित कोंबड्या असतील तर दिवा पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी अचानक वीज गेली तर अंधारात त्यांना दांडी सापडत नाही. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत दिवस १४ तासांवर न्या आणि थांबा. खुराकही वाढवा; नुसत्या ज्वारीवर भागणार नाही. वीज एक दिवस आड येत असेल तर दिव्याच्या नादी लागू नका. एकदम उजेड तुटला की कोंबडी पुन्हा पिसे झाडते. तलंगांना वाढीव उजेड नकोच. त्या वयाआधी अंड्यावर येतात आणि अंडे अडकते.

बिनपैशाची कामे आधी करा. वेचणीला जाण्यापूर्वी, उजाडताच खुराडे उघडा. आत हातभर उंचीवर आडवी दांडी बांधा, कोंबडीमागे वीतभर जागा ठेवा. वारा खेळेल अशी जाळी लावा, पण मुंगूस शिरेल अशी फट ठेवू नका.

विकायची की ठेवायची, हे पाहून ठरवा. मान टाकली, हिरवी हगवण लागली, तर तो आजार; जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पण कोंबडी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची, चरणारी, वजन धरून असेल, तर तुरा फिका दिसला तरी ठेवा. म्हातारी खुशाल विका. पण भाव घरच्या बाईने सांगायचा, व्यापाऱ्याने नाही.