मोरीतून आलेलं पाणी



आपलं हे अभियंत्यांचं अधिवेशन भिवंडीत भरतंय, म्हणून भाषणाची सुरुवात इथल्याच एका मोरीपासून करतो.

२६ जुलै २००५ ला मी अकरा वर्षांचा होतो. नदीनाक्याच्या अलीकडे, कामवारीच्या काठच्या सखल वस्तीत, चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. दुपारी वीज गेली आणि आसपासच्या कारखान्यांतले सगळे लूम एकदम थांबले. रात्रंदिवस खडखडाट ऐकत वाढलेल्या आम्हा पोरांना त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. बाहेर पाऊस असा, की समोरची भिंत दिसेना. वडील कामावर अडकलेले. आजीनं उंबऱ्याशी गोणपाटं रचली, फटींत जुनी लुगडी कोंबली, आणि आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो.

पाणी दारातून आलंच नाही. आमची पाठ होती त्या मोरीतून ते आलं. आधी गुडगुड आवाज झाला. मग काळं पाणी वर उसळलं, त्यावर सुताचे तुकडे आणि चिंध्या तरंगत होत्या. आजीनं भोकात फडक्याचा बोळा दाबला, त्यावर मसाल्याचा पाटा ठेवला. पाटा जागचा हलला नाही, पाणी मात्र त्याच्या कडांनी येत राहिलं. उंबऱ्यावरची गोणपाटं तेव्हाही कोरडी होती, हे मला अजून लख्ख आठवतं. पुढे दारातूनही पाणी शिरलं, पण तोवर खोलीत माझ्या गुडघ्यापर्यंत चढलं होतं. शेजारच्या मोमीन चाचांनी आम्हाला त्यांच्या कारखान्याच्या माळ्यावर नेलं. ग्रे कापडाच्या ताग्यांवर आम्ही रात्र काढली. खाली त्यांचे ताणा भरलेले बीम पाण्यात बुडत होते, आणि ते मात्र आजीला कोरडी चादर शोधून देत होते.

आपलं गटार आपल्याच घरात उलटं का वाहिलं, या एका प्रश्नानं मला स्थापत्य अभियांत्रिकीकडे आणलं.

आता त्याचं उत्तर ठाऊक आहे, आणि ते अवघड नाही. गटार वाहतं ते फक्त उतारावर. ज्या नाल्यात वा नदीत ते रिकामं होतं, तिथल्या पाण्याची पातळी चढली की उतार संपतो, आणि तेच गटार नदीला घरात यायची वाट होऊन बसतं. कामवारी खाडीला मिळते आणि खाडीतली भरती भिवंडीच्या जुन्या बंदरापर्यंत येते. त्या दिवशी मुंबईत दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. ऐन त्याच वेळी पाऊस जोर धरत होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला मात्र पाऊणशेच्या आसपास. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, आणि तीही ओहोटी आहे असं धरून! हे दुसरं गृहीतक मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. पावसाच्या आकड्यावर आपण तावातावानं बोलतो. भरतीबद्दल बोलायचं राहून जातं.

त्या पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीनं जागोजागी पर्जन्यमापक बसवायला आणि बारकाईचे समपातळी नकाशे करायला सांगितलं. मुंबईत त्यावर काही काम झालं. पण नकाशाची गरज मुंबईच्या वेशीवर संपत नाही. भिवंडीसारख्या शहरात आजही गटार रस्त्याच्या कामाबरोबर, रस्त्याच्या कडेनं, रस्त्याला सोयीचं पडेल तसं खोदलं जातं. त्याच्या मुखाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तो सगळ्यात आधी व्हायला हवा, हे मी कळकळीनं सांगतो आहे.

आणि शहराबाहेर काय झालं? राहनाळ, काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात भातखाचरं होती. एक हेक्टर खाचरात बांधाआड नुसतं पंधरा सेंटीमीटर पाणी थांबलं, तरी ते पंधरा लाख लिटर होतं. त्याच हेक्टरावर गोदामाचं पत्र्याचं छप्पर आणि काँक्रीटचं अंगण आलं, तर १०० मिलिमीटर पावसाचं दहा लाख लिटर पाणी जवळजवळ सगळंच लगोलग गटारात उतरतं. गोदामांनी हजारो हातांना काम दिलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण जेवढं पाणी खाचर धरून ठेवत होतं, तेवढं धरायची जागा गोदामाच्या आवारातच ठेवायला लावणं आपल्या हातात होतं. गोदामांच्या बांधकाम-नकाशांवर सह्या आपल्याच व्यवसायातल्या माणसांच्या आहेत.

गटाराच्या मुखाशी झडप बसवा, असं आता बरेच जण सुचवतात. जरूर बसवावी. मात्र झडप मिटली की नदी बाहेर राहते आणि शहरावर पडणारा पाऊस आत कोंडला जातो. त्याला भरती उतरेपर्यंत थांबायला तळं नाहीतर टाकी हवी, नसेल तर उपसायला पंप, आणि पंपाला वीज गेल्यावरही चालणारं इंजिन. वीज कधी गेली होती ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे. शिवाय इथल्या गटारात नुसता गाळ नसतो. चिंध्या, सूत आणि सायझिंगची खळ यांचा मिळून गोधडीसारखा थर जमतो. अशी गोधडी झडपेत अडकली, तर झडप ना नीट मिटेल ना उघडेल. मुंबईचं रेखाचित्र उचलून इथे आणलं तर ही गोष्ट त्यात सापडणार नाही. ती नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराला ठाऊक असते. त्याला आपण आपल्या बैठकीत कधी बसवलेलं नाही.

दुपारच्या सत्रात तरुण अभियंते आपापल्या गावांचे गटारांचे आराखडे मांडणार आहेत. मी पुढच्या रांगेत असेन, आणि प्रत्येकाला एकच विचारेन: या गटाराच्या मुखाची पातळी किती, आणि भरतीच्या वेळी तिथे पाणी किती चढतं? ज्यांच्याकडे हे दोन आकडे नसतील त्यांनी संध्याकाळी थांबावं. नदीनाक्यावर जाऊ, भरतीच्या वेळी काठाशी उभे राहू आणि मोजू.