मिल्ट हिंटनचा कॅमेरा

जाझमध्ये बासवाल्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मिल्ट हिंटन १९३६ ते १९५१ कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बास वाजवत अमेरिकाभर फिरला. माणसाहून उंच वाद्य, रोज नवं गाव. दक्षिणेत गोरे त्यांच्या तालावर नाचत, पण हॉटेलात खोली देत नसत. म्हणून बँड रेल्वेच्या पुलमन डब्यातच झोपे. हिंटनने गाडीत पेंगणाऱ्या सोबत्यांचे फोटो काढले (डिझी गिलेस्पीसुद्धा त्यात आहे!), तसेच १९४०च्या सुमारास अटलांटा स्टेशनात, काळ्यांच्या वेगळ्या दाराच्या पाटीखाली उभे असलेल्यांचेही. महाडचं तळं १९२७ सालचं, हे इथे सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याकडे बहुधा पाटी लागतच नसे. न लिहिताच सगळ्यांना वाचता येई. तिचा फोटो काढणार कसा?