काम थांबवणाऱ्याची रोजी



ख्वाजा शेख फरीद बाबांच्या टेकडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गिरडमध्ये स्वागत समिती सर्वांचे मनापासून स्वागत करते. उंच इमारती शहरांत, मग बांधकाम-सुरक्षेची परिषद समुद्रपूर तालुक्यातल्या गावात कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर कायद्यातच सापडते.

बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने 500 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सुरक्षा समिती बंधनकारक केली. तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, असेही बजावले. मात्र 10 पेक्षा कमी कामगारांची आस्थापना त्या कायद्याने बाहेरच ठेवली आणि 10 लाखांपर्यंतचे स्वतःचे घर बांधणाऱ्यालाही वगळले. खेड्यातली कितीतरी घरे याच फटीतून उभी राहिली.

स्लॅब टाकायचा दिवस पाहावा. मिक्सर भाड्याचा, सगळ्यांनाच घाई. खाली एखादी बल्ली विटेवर टेकवलेली, पाचर सैल. ती दिसते घमेले उचलणाऱ्या रेजेला. पण बोलायचे कोणी? मिस्त्री डाफरेल, रोजी बुडेल.

मोठी कामेही सुटलेली नाहीत. 31 जुलै 2023 च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून 20 जणांचा बळी गेला. 29 जून 2019 रोजी पुण्याच्या कोंढव्यात भिंत पडली, तेव्हा तर पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले 15 जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. मजुराला राहायला जागा कुठे दिली, हेही सुरक्षेतच मोजावे लागते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी जाळी लावली आणि 19 जण वाचले. पण 17 फेब्रुवारी 1937 रोजी परांची निखळून त्या जाळीवरच कोसळली, जाळी फाटली आणि 10 जण प्राणास मुकले. साधने हवीतच, धोका दिसताच काम थांबवू शकणारा माणूसही हवा.

म्हणून पहिले सत्र मिस्त्री आणि रेजांचे आहे. अभियंत्यांनी श्रोत्यांत बसावे. बल्ल्या, पाचरी, परांची, डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा अशी स्लॅबपूर्व तपासणीची यादी संध्याकाळपर्यंत ठरावी. काम थांबवणाऱ्याची त्या दिवसाची रोजी कापणार नाही, असा शब्द ठेकेदारांनी याच मंचावरून द्यावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.