रविवार आणि टेकडी



कामगार चळवळीतला माणूस म्हणजे बोनसवर बोलणार, असे धरून आपण आला असाल. मी बोलणार आहे ते लहान मुलांना टेकडीवर नेऊन पाने, बिया, शेंगा वेचण्याबद्दल, आणि त्यांतून खेळणी करण्याबद्दल. माझ्या मते विषय तोच आहे. रविवारची सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी ती १८८४ साली मागितली. पदरात पडायला १८९० साल उजाडले. त्या रविवारचे आपण करतो काय, हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

आमच्या वस्तीतली चार-पाच कुटुंबे या दिवसांत सकाळी सहालाच निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. भाकरी, पाणी आणि एक कापडी पिशवी. गळालेले उचलायचे, झाडावरचे ओरबाडायचे नाही. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात गेलात तर उचलायचेही नाही, नुसते पाहायचे.

वाटेवर गुलमोहराच्या शेंगा मिळतात, त्यांच्या तलवारी होतात. शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा खुळखुळा होतो. चिंचोका फोडला की एक अंग पांढरे, एक तपकिरी. चार डाळी म्हणजे पटाचे फासे झाले. सावरीचा कापूस बाहुलीच्या उशीला पुरतो. पण मुलांना सर्वांत धरून ठेवते ते पिंपळाचे पान. चांगले गळालेले पान पाण्यात बुडवून ठेवायचे, अधूनमधून पाणी बदलायचे. तीन-चार आठवड्यांत गर कुजतो. मग मऊ कुंचल्याने हलकेच झाडले की नुसती शिरांची जाळी उरते. घाण वास सुटतो, शेजारीण कुरकुरते. आईबापांचा धीर सुटतो. पोरे मात्र रोज उठून भांड्यात डोकावतात.

काही गोष्टी ओळखायलाच शिकवा. सोनार पूर्वी जिने सोने तोलीत ती लालकाळी गुंज दिसायला मोहक, पण तिच्या बीत जहाल विष आहे. चावलेली एक बीदेखील मुलाच्या जिवावर बेतू शकते. तिला भोके पाडून माळ करू नका. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. खाजकुयलीची लव तर सांगायलाच नको.

आमचा एक फिटर आहे, हात सोन्याचा. मुलगा काटक्यांची बैलगाडी जोडत होता. ती वाकडी दिसताच याने हातातून घेतली आणि अशी सुबक करून दिली की पोर उठून दुसरीकडे गेले. सहा दिवस दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम राबणारा माणूस सातव्या दिवशी पोटच्या पोराचा मुकादम होतो! गाडी वाकडी असू दे. ती त्याची आहे.

आता खरी अडचण. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. सुटी मोडून काम मिळाले तर गडी विचारतो, “शाळेची फी भरू, की शेंगा वेचू?” त्याला नको म्हणायचे तोंड मला नाही. सहा दिवसांच्या मजुरीत फी भागली पाहिजे, हे मालकापुढे बसून मांडणे माझे काम आहे, आणि ते पुरे झालेले नाही. तोवर महिन्यातून एक रविवार तरी राखा, एवढे मागतो.

येत्या रविवारी सहाला आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी जमतो आहोत. पिशवी आणा. ज्यांची मुले मोठी झाली, त्यांनी शेजाऱ्यांची आणावीत.