पासोडी पाहिली, पद ऐकले



आवडता ग्रंथकार प्रथम कोठे भेटला असे विचारले, तर बहुतेक जण एखाद्या पुस्तकाचे नाव सांगतील. आमचा अनुभव निराळा आहे. दासोपंत आम्हांला पुस्तकात भेटले नाहीत; ते कापडावर भेटले.

आंबेजोगाईकरांना याचे नवल वाटणार नाही. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहिला. लहानपणी आजोबांचे बोट धरून आम्ही ती पाहिली. अक्षर एकही लागले नाही. "रोज ढब्बू पैशाची शाई लागायची बरं का त्यांना," असे आजोबा म्हणाले आणि आम्ही थक्क झालो. पण थक्क होणे म्हणजे वाचणे नव्हे. पुढे कित्येक वर्षे आमच्या लेखी दासोपंत म्हणजे एक मोठे कापड आणि पुष्कळशी शाई, एवढेच होते.

खरी भेट झाली ती कानाने. शेजारच्या काकू पहाटे सडा घालताना एक पद म्हणत. अंथरुणात पडल्या पडल्या त्याची चाल आमच्या ओठांवर बसली. पदाच्या शेवटी नाव येई 'दिगंबरानुचर'. एकदा आम्ही विचारले, "काकू, हे कोण हो?" काकू हसल्या. "अरे, आपले दासोबाच की ते! दत्ताचे चाकर म्हणवून घेतात."

ज्यांच्यापुढे आम्ही हात जोडत होतो, तेच रोज पहाटे आमच्या अंगणात येत होते! त्या दिवशी दासोपंत आमचे झाले. मग त्यांचे आणखी काही वाचावे असे वाटू लागले. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा; ज्ञानेश्वरीच्या सुमारे चौदापट. तो डोंगर पाहूनच वाचक पायथ्याशी बसतो. आम्हीही बसलो असतो. पण पदाने ओळख करून दिली होती. 'ग्रंथराज' त्या मानाने आटोपशीर, म्हणून आम्ही तेथून पायरी चढलो.

ग्रंथकाराची गोडी लागते ती बहुधा अशीच. कोणीतरी वाचलेले, म्हटलेले आपल्या कानी पडते. मग आपण शोधीत जातो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ज्ञानदेवांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एका वाचकाने केलेले हे काम आहे. आपल्या बीडजवळच्या पाटांगणला इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. १९०९ साली त्यांनी ती छापून काढली. पोथी सांभाळणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण ती चार वाचकांच्या हाती गेली, ती कोणीतरी उघडली म्हणून.

आता एक कबुली दिली पाहिजे. काकू गेल्या, त्याला पुष्कळ वर्षे झाली. ते पद पुन्हा वाचावे म्हणून आम्ही छापील पदे चाळली. सापडले नाही. आठवू गेलो तर चाल आठवते, शेवटचे नाव आठवते; मधले शब्द गळून गेले. काकू हयात असताना पाटीवर उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागला असता? दासोपंतांची पदेही सव्वा लाख होती म्हणतात. त्यांपैकी हाती आली ती सुमारे १६००. बाकीची कशी गेली, याचा जाब काळाला विचारण्याचा आम्हांला तोंड नाही. एक तरी आमच्या अंगणातून गेले.

पासोडीचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु ग्रंथकाराला नमस्कार करून मोकळे होणे सोपे आहे. त्याला घरात आणणे कष्टाचे आहे. म्हणून या व्यासपीठावरून एकच मागणे मागतो. आज घरी गेल्यावर आपल्या आईला, आजीला, शेजारच्या काकूंना एक तरी पद म्हणावयास लावा. ते जसे म्हणतील तसे उतरून घ्या आणि मुलांना वाचून दाखवा. पद दासोपंतांचे असो की आणखी कोणाचे. नाव मागाहून शोधता येईल. शब्द मात्र मागाहून सापडत नाहीत.