पावतीचा सभासद आणि पाळीचा सभासद
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मेहकर-लोणारपासून जळगाव जामोद-संग्रामपूरपर्यंतची, घाटावरची आणि घाटाखालची, इतकी कुटुंबे एका मंडपात बसलेली पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. परंतु आज सकाळी याच मंडपात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होती, तेव्हा येथे किती मंडळी होती? गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली आणि मग घटनेतील तरतुदीप्रमाणे त्याच जागी, तितक्याच माणसांत, सर्व ठराव सर्वानुमते संमत झाले. असे इतिवृत्त आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. त्याचे आता कोणास काही वाटत नाही, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे.

इतरांस बोल लावण्यापूर्वी स्वतःचा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थी-साहाय्य समितीच्या यादीत माझे नाव होते. मोताळा तालुक्यातील आपल्याच एका मुलाने अमरावतीस प्रवेश मिळताच शुल्कासाठी मंडळाकडे अर्ज केला. निधीत पैसा होता. समितीत पाचजण होतो. प्रत्येकास वाटले, दुसरा कोणी अर्ज पाहील. दोन महिन्यांनी आम्ही बसलो, तोवर मुदत टळून गेली होती आणि त्याच्या वडिलांनी गोठ्यातील बैल विकून शुल्क भरले होते. पुढे ते गृहस्थ मला भेटले, तेव्हा एका अक्षराने रागावले नाहीत. त्यांचे ते न रागावणे आजही मला सलते. मी वर्गणी नियमाने भरीत होतो. पण मी केवळ पावतीचा सभासद होतो.

बंधुभगिनींनो, संस्था नोंदविण्यास 1860 च्या कायद्याप्रमाणे सात माणसे पुरतात. पण सातांवर संस्था उभी राहते, चालत नाही. त्या सातांपैकी कोणी वृद्ध होतो, कोणी निवर्ततो. 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्यान्वये असा प्रत्येक बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. ते काम करणारा कोणी उरला नाही, म्हणजे कागदोपत्री दिवंगतांचीच कार्यकारिणी कायम राहते. बँकेत सही चालत नाही आणि पूर्वजांनी पैपैने जमविलेला निधी असून नसल्यासारखा होतो. संस्था भांडणानेच मोडतात असे नाही. पुष्कळदा त्या अशा निमूटपणे विझतात.

मग लोक येत का नाहीत? आपल्या लोकांत सेवाभाव नाही, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. 1908 साली स्थापन झालेल्या शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी विनावेतन राबतात. आपल्याही कितीतरी घरांतील माणसे तेथे पाळीने जातात. पंगतीत वाढतात, झाडू मारतात, रांग सांभाळतात. तोच गृहस्थ आपल्या मंडळात मात्र मागच्या खुर्चीवर बसून भाषणे ऐकतो. फरक माणसात नाही. तेथे त्याला ठरलेले काम आणि ठरलेली पाळी मिळते. येथे आपण त्याला केवळ निमंत्रणपत्रिका देतो. देऊळगाव राजास श्रीबालाजीच्या उत्सवात लाटा मंडप उभारताना त्या अजस्र लाकडी लाटा दोर ओढणाऱ्या असंख्य हातांनी वर चढतात. तेथे प्रत्येकाच्या हाती दोर असतो. आपण आपल्या बांधवांच्या हाती दोर दिलाच नाही, ही चूक आम्हां पदाधिकाऱ्यांची आहे.

म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे की, आवाहने पुरे करून कामे वाटावीत. तालुकावार अर्ज तपासणे, हिशेब लिहिणे, वधूवर सूची अद्ययावत ठेवणे, आजारी ज्ञातिबांधवाची विचारपूस करणे, अशी लहान कामे नावानिशी आणि मुदतीनिशी नेमून द्यावीत. आपल्या सभासद-पुस्तकात बहुतेक घरांतून एका पुरुषाचेच नाव आहे. हळदीकुंकवास शंभर घरे जोडणाऱ्या भगिनींस आपण पंगतीच्या व्यवस्थेपुरतेच बोलावतो, हे आता थांबले पाहिजे. आणि तरुणांनो, चुका होतील या भयाने मागे राहू नका. काम करणाऱ्याची चूक सुधारता येते. काम न करणाऱ्याची चूक मात्र दुसऱ्याच्या गोठ्यातील बैल विकायला लावते.

पुढील वर्षी मंडप याहून मोठा असावा, ही माझी इच्छा नाही. सकाळच्या सभेत गणसंख्या पुरी व्हावी आणि साहाय्याचा एकही अर्ज आठ दिवसांहून अधिक पडून राहू नये, एवढेच मागणे आहे. भोजनोत्तर दारापाशी एक वही ठेवली आहे. तीत आपले नाव, गाव आणि आपण पत्कराल ते एक काम लिहून मगच गाडीत बसावे. पहिल्या ओळीवर माझे नाव आहे. काम तेच, विद्यार्थ्यांचे अर्ज पाहण्याचे.