रात्र, किनारा आणि शिडाची नौका

रायपूरहून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला शेकडो किलोमीटर तुडवावे लागतात. त्यामुळे आपल्या मनातला समुद्र बहुधा सिनेमातला असतो, आणि त्यातली रात्र म्हणजे काळोख, वादळ, बुडती नौका. माझे म्हणणे वेगळे आहे. शिडाच्या लहान नौकेला रात्रीपेक्षा किनाऱ्याचे भय अधिक, आणि रात्रभराचा प्रवास पत्करला जातो तोच मुळी किनारा दिवसाउजेडी गाठता यावा म्हणून.

कॅरिबियन बेटांमधला हिशेब पाहा. भटकंतीची शिडाची नौका ताशी पाच-सहा सागरी मैल जाते. ग्रेनाडा ते त्रिनिदाद अंतर सुमारे ८० सागरी मैल, म्हणजे चौदा-पंधरा तास. सकाळी निघाले तर परक्या बंदराच्या तोंडाशी ऐन काळोखात पोहोचायचे, संध्याकाळी निघाले तर सकाळी. पूर्वेचे व्यापारी वारे तिथे रात्रीही वाहतात, तेव्हा उघड्या समुद्रात काही अडत नाही. अडते ते प्रवाळापाशी. प्रवाळाचे खडक पाण्याच्या रंगावरून ओळखायचे आणि त्यासाठी सूर्य बराच वर आलेला हवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हाच न्याय वाऱ्यानेच लावून दिला आहे. हिवाळ्यात दुपारचा खारा वारा नौकेला किनाऱ्याकडे रेटतो, तर रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे नौकेला खडकांपासून दूर लोटतो. कोकणातल्या तांडेलांनी, म्हणजे नौकाप्रमुखांनी, मचवे आणि फत्तेमाऱ्या ही शिडाची गलबते या मतलईवर हाकली ती धाडसाच्या हौसेपायी नव्हे. वाऱ्याची दिशाच रात्री अधिक सोयीची होती.

शिवाय रात्री काही दिसत नाही हेही अर्धेच खरे आहे. धुरकट दुपारी क्षितिजावरचे जहाज कोणीकडे चालले आहे हे चटकन कळत नाही. रात्री त्याच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो, आणि कोणता रंग दिसतो यावरून त्याचे तोंड कळते. जवळ येणाऱ्या दिव्याची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल तर टक्कर ठरलेली, बदलत असेल तर बहुधा वाट मोकळी. दीपगृहांचेही तसेच. प्रत्येकाची उघडझाप वेगळी असते आणि ती मोजून आपण कोणत्या गावासमोर आहोत हे ओळखता येते. दुपारी तेच दीपगृह नुसता एक मनोरा असतो.

यावर आजचा माणूस विचारील, उपग्रह आपली जागा काही मीटरच्या अचूकतेने सांगत असताना बंदरात शिरायला सकाळची वाट का पाहायची? याचे उत्तर २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्रीने दिले आहे. व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोसच्या प्रवाळावर चढली. नौकेवर जगातले नावाजलेले खलाशी होते आणि उत्तम यंत्रेही होती. पडद्यावरचा नकाशा लहान प्रमाणावर पाहिला गेला आणि त्या प्रमाणात खडकांचा नीट पत्ताच लागत नव्हता. माणसे बचावली. यंत्राने नौकेची जागा बरोबर सांगितली होती. खडक कुठे आहे हे पाहायचे काम माणसाचे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. किनाराच घातक, तर २०१८ च्या सप्टेंबरात गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय खलाशी अभिलाष टॉमी खंडांच्या किनाऱ्यांपासून हजारो किलोमीटर दूर कसे कोसळले? दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. वादळ दिवस-रात्र पाहत नाही, हे मान्यच. पण फ्रान्सचे ‘ओसिरिस’ हे जहाज पोहोचेपर्यंत सुमारे तीन दिवस ती शीडहीन नौका तरंगत राहू शकली, कारण आपटायला भोवती काहीच नव्हते. तेच कोकणच्या कातळांशेजारी घडले असते तर तीन दिवस कुठून मिळाले असते?

एकट्याच्या सफरींचा मुद्दाही इथेच सुटतो. दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये ‘म्हादेई’वरून चार मुक्काम घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात दिवाडी बेटावर ही ५६ फुटी नौका बांधली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्येक नौकेवर अखंड पहारा हवा, आणि एकटा माणूस झोपल्यावाचून महिने काढू शकत नाही. नियमाच्या अंगाने ही अडचण खरी आहे. कौतुकाने ती झाकण्यात अर्थ नाही. तरी जहाजांची वर्दळ नसलेल्या दक्षिण महासागरात थोडी थोडी झोप काढणे आणि मुंबईजवळ डोळा लागणे, यांत मोठे अंतर आहे. भारतीय नौदलातल्या दिलना के. आणि रूपा ए. यांनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये ‘तारिणी’वरून जोडीने प्रदक्षिणा केली. दोघी असल्या की आळीपाळीने पहारा शक्य होतो.

आता हाच हिशेब आपल्या किनाऱ्यावर लावून पाहा. मुंबई ते मार्मागोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. ताशी सहाच्या वेगानेही एक रात्र पाण्यावर जातेच. या वाटेवर लाकडी मासेमारी होड्या रडारवर धड उमटत नाहीत, काहींचे दिवे अपुरे, आणि पसरलेली जाळी तर काळोखात दिसतच नाहीत. म्हणून यंत्राची नौका असो वा शिडाची, अंतर वाढले तरी रात्री बाहेरच्या खोल पाण्यातून जाणे बरे. तिथे मोठी जहाजे भेटतात, पण त्यांचे दिवे वाचता येतात.